'कोणाचे?' लिहिलेलं पाकीट

ती. स्व. नानांना,
सा. न. वि. वि.

परवा वसतिगृहाचं कपाट आवरताना तुमच्या अक्षरातलं एक खाकी पाकीट हाती लागलं. वर लिहिलंय, 'कोणाचे?' एकटीच हसले. मग लक्षात आलं की इतक्या वर्षांत तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत. तोंडावर मानायला गेले असते तर तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

२०२१ चा जून आठवतो? एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या निधीतून, मदतीची तयारी दाखवली होती आणि आम्ही हरखून गेलो होतो. दिवाळीच्या सुमारास आपल्या बीडमधली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघाली की मागे राहिलेल्या चाळीस पोरांना आम्ही सांभाळायचो, तेही उधार-उसनवारीवर. बँकेतल्या तपासणीतून निवृत्त झालेले तुम्ही, कुणीतरी सांगितलं म्हणून सहज डोकावलात. "हिशेब दाखव" म्हणालात. मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा पुढे केला.

तुम्ही रागावला नाहीत. सतरंजीवर बसून दोन दिवस पावत्या लावल्यात. प्रत्येक देणगीदाराचं एक पाकीट. जी पावती कुठल्याच पाकिटात बसेना, ती 'कोणाचे?' मध्ये. संध्याकाळी तेच पाकीट सगळ्यांत जाड झालं होतं.

आणि मग ते प्रकरण निघालं. वाचनालयासाठी मिळालेले पैसे आम्ही ज्वारी-तांदळाला घातले होते. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. पोरं उपाशी ठेवायची का? तुम्ही म्हणालात, "पोरांना जेवू घातलंस ते बरोबरच. विचारलं नाहीस, ते चुकलं." त्या देणगीदारांनी हिशेब मागायच्या आत आपण पत्र लिहायचं, असा तुमचा हट्ट. पत्र तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं, हात थरथरत होता. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी फोन आला, अर्धा तास उलटतपासणी झाली, आणि पुस्तकं पुढच्या वर्षी घेण्याच्या अटीवर त्यांनी मान्यता दिली. त्यानंतर प्रत्येक निधीचं खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, वेगळं पान आलं.

कंपनीला मात्र तुम्ही थांबायला लावलंत. तेव्हा मनातून खूप राग आला होता, आज कबूल करते. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेला सरकारकडे सीएसआर-१ ही नोंदणी लागायला लागली होती. १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांचीही त्याच वर्षी नव्याने नोंदणी करायची होती, पाच वर्षांच्या मुदतीने. पण खरी गाठ निघाली धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या परिशिष्ट १ च्या, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची नोंद असलेल्या, उताऱ्यात. त्यावर अध्यक्ष म्हणून जे नाव होतं, ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले होते! विश्वस्त बदलले की तसा बदल अर्ज नव्वद दिवसांत करायचा असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. विलंबमाफीचा अर्ज, ठरावाच्या नकला, तारखा, हेलपाटे. तुम्ही प्रत्येक वेळी एसटीने बरोबर आलात आणि तिकिटाचे पैसे एकदाही घेतले नाहीत.

तोवर घरात शिस्त लावणं चालूच होतं. किराणा दुकानदाराला आम्ही महिनाअखेर रोख रक्कम द्यायचो. एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात संस्थेच्या कामावरचा धरला जात नाही, हे कळल्यावर पोटात गोळा आला. तेव्हापासून चेक. आठवडी बाजारातली भाजीवाली कुठून बिल देणार? तिच्यासाठी तुम्ही आपलं व्हाउचर छापून घेतलंत: नाव, गाव, वजन, दर, सही किंवा अंगठा. बाजाराला दोघांनी जायचं आणि दुसऱ्याचीही सही घ्यायची. आमच्या स्वयंपाकीणबाई आधी फणकारल्या, "माझ्यावर भरवसा नाही का?" तुम्ही म्हणालात, "बाई, उद्या कुणी बोट दाखवलं तर हा कागद तुमच्या बाजूने बोलेल." आता त्या व्हाउचरशिवाय कोथिंबीरसुद्धा घेत नाहीत.

सगळ्यांत कामाची गोष्ट तुम्ही कॅलेंडरवर दाखवलीत. ऊसतोडीचा हंगाम मार्च ओलांडून जातो, हिशेबाचं वर्ष मात्र ३१ मार्चला मिटतं. मार्चमध्ये हप्ता आला की आयकरातल्या सुटीसाठी वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के खर्च दाखवायच्या घाईत नको त्या वस्तू घेणाऱ्या संस्था तुम्ही पाहिल्या होत्या. उरलेला पैसा पुढच्या वर्षी वापरायचा तर सीएंना वेळेत सांगून रीतसर फॉर्म भरता येतो, एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी हप्त्यांच्या तारखा आम्हीच मागून घेतल्या: पहिला ऑक्टोबरात, पोरं यायच्या आत. कंपनीने कुरकुर न करता दिल्या.

एका बाबतीत मात्र अजून तुमचं ऐकलेलं नाही. संगणकावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं तरी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हातानेही लिहा म्हणता, ते आमच्याच्याने होत नाही. रागवायचं तर रागवा.

'कोणाचे?' पाकीट मी फेकलेलं नाही. या हंगामात त्यात एकच पावती आहे, एकशे चाळीस रुपयांची, दोन कुलपांची. एक कोठीचं, दुसरं कशाचं ते कुणालाच आठवेना. गुरुवारी बाजाराला आलात की बघून जा. चहा टाकतेच.

तुमची,
वसतिगृहातली सचिव