पिचरच्या हातची बॅट आणि मॅनेजरची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आयपीएलच्या 'इम्पॅक्ट प्लेअर'वर, म्हणजे सामना चालू असताना एक खेळाडू बदलायच्या नियमावर, टीका करणारा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण एका वाक्याशी मी अडलो. अमेरिकेतल्या बेसबॉलने ही पळवाट पन्नास वर्षांपूर्वीच काढली, असं म्हणून लेखकाने 'डेझिग्नेटेड हिटर'चा (पिचरऐवजी, म्हणजे गोलंदाजाऐवजी, फक्त बॅटिंग करणारा खेळाडू), इथल्या बोलीत डी.एच.चा, विषय एका ओळीत मिटवून टाकलाय. ज्या विषयावर माझं आणि माझ्या शेजाऱ्यांचं गेली पंचवीस वर्षं वाजतंय तो एका ओळीत मिटतो, हे मला मान्य नाही. मी न्यू जर्सीत राहतो आणि न्यूयॉर्क मेट्सचा चाहता आहे, म्हणजे हरण्याची सवय आहे. शेजारी निवृत्त पोस्टमन आणि पक्के यांकीजवाले. उन्हाळाभर आमचं भांडण कुंपणावरून चालतं, ऑक्टोबरात ते घरात येतं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडी उजळणी करतो. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरल्या क्रमाने बॅटिंग करतात, नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. पूर्वी या नवांत पिचरही असायचा. गोलंदाजी हाच ज्याचा धंदा, तो बॅट धरून उभा राहिला की काय होणार हे सांगायला नको. 'याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी मारू द्या' ही सूचना फिलाडेल्फिया संघाचे मॅनेजर, म्हणजे डावपेच ठरवणारे, कॉनी मॅक यांनी 1906 मध्येच केली होती, पण ती अंमलात यायला 1973 उजाडलं आणि तेही दोन मोठ्या लीगपैकी फक्त अमेरिकन लीगमध्ये. यांकीज तिथलेच, माझे मेट्स नॅशनल लीगमधले. त्या वर्षी 6 एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डी.एच. म्हणून उभा राहिला. समोर लुईस टियांट, तिन्ही बेस भरलेले. टियांटने चार चेंडू बाहेर टाकले आणि ब्लूमबर्ग आरामात चालत पहिल्या बेसवर गेला (याला 'वॉक' म्हणतात). क्रांती म्हणावी तर ही अशी. नॅशनल लीगने मात्र हट्ट सोडला नाही. साथीच्या 2020 सालापुरता तिने डी.एच. घेतला, 2021 मध्ये परत टाकला आणि 2022 पासून कायमचा स्वीकारला.

आता इम्पॅक्ट प्लेअरशी तुलना. डी.एच. सामना सुरू होण्याआधी ठरतो आणि तो पिचरची बॅट तेवढी काढून घेतो. डाव रंगात आल्यावर एक फलंदाज बाहेर आणि एक गोलंदाज आत, हा प्रकार त्यात नाही. म्हणून रोहित शर्माने 2024 मध्ये केलेली तक्रार, की या नियमामुळे शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्यासारख्यांना गोलंदाजी मिळत नाही, बेसबॉलला जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे बळी अष्टपैलू खेळाडूचा गेला नाही. मॅनेजरपुढचा पेच गेला.

तो पेच असा. नऊपैकी सहावी इनिंग, धावा 1-1. तुमचा पिचर झकास टाकतोय. आपल्या बॅटिंगला दोन माणसं बेसवर आहेत आणि पाळी नेमकी त्याचीच. त्याला मारायला पाठवलं तर संधी बहुधा वाया जाणार. त्याच्या जागी पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, पाठवला तर एखादी धाव निघेलही, पण बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही, म्हणजे झकास टाकणारा हात तुम्ही स्वतःच गमावलात. मॅनेजर डगआउटमध्ये हनुवटी चोळतोय आणि स्टेडियममधले चाळीस हजार जण आपापल्या परीने मॅनेजर झालेत, ही मजा मी नॅशनल लीगमध्ये वर्षानुवर्षं अनुभवली. शेजाऱ्यांच्या अमेरिकन लीगमध्ये ती नव्हती, म्हणून मला त्यांची थोडी कीव यायची.

शेजाऱ्यांचं उत्तर ठरलेलं. पिचर बॅटिंग करायचे त्या शेवटच्या वर्षी, 2021 मध्ये, त्यांची सरासरी .110 च्या आसपास होती. दहा वेळा पाठवा, नऊ वेळा रिकाम्या हाताने परत. 'हे बघायला तू तिकीट काढतोस?' मग निघतो चिएन-मिंग वांग. 2006 आणि 2007 या दोन्ही वर्षी यांकीजसाठी 19-19 सामने जिंकलेला हा पिचर जून 2008 मध्ये ह्यूस्टनला, नॅशनल लीगच्या मैदानावर, बेसवरून धावताना पाय जबर दुखावून बसला आणि पुन्हा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. सेंट लुईसचा अ‍ॅडम वेनराइट 2015 मध्ये बॅटिंगच्याच पायी टाचेचा स्नायूबंध तोडून घेऊन वर्षभरासाठी जवळजवळ बाद झाला. यावर माझ्याकडे एकच हुकमी पत्ता आहे. 7 मे 2016, सॅन डिएगो. मेट्सचा बार्टोलो कोलोन, वय 42, पोट चांगलं सुटलेलं, बॅट फिरवताना हेल्मेट उडवणारा. त्याने जेम्स शील्ड्सला आयुष्यातला पहिला होमरन (बेसबॉलचा षटकार म्हणा) मारला आणि चार बेसची फेरी अशी घातली, जणू जेवण झाल्यावर शतपावलीला निघालाय. त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून रिप्ले दाखवला. डी.एच. असता तर हे दिसलंच नसतं.

इथवरचं भांडण जुनं आहे. पण गेल्या काही वर्षांत मला जाणवायला लागलंय, की आम्ही दोघे चुकीच्या गुन्हेगाराला धरून बसलोय.

डी.एच.वाल्यांचं एक वचन होतं. पिचरला बॅटिंगची पाळी आली म्हणून काढावं लागणार नाही, तेव्हा तो जास्त वेळ टाकेल. सुरुवातीला ते खरंही ठरलं. 1975 मध्ये, डी.एच. असलेल्या लीगमध्ये, यांकीजच्या कॅटफिश हंटरने तब्बल 30 सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्याने टाकले. आज डी.एच. सगळीकडे आहे, पिचरला काढायचं ते जुनं कारण उरलेलंच नाही. आणि 2024 मध्ये तीसही संघांतल्या सगळ्या पिचर्सनी मिळून असे पूर्ण सामने टाकले किती? 28! एकटा हंटर या सगळ्यांना पुरून उरला. दहा-बारा वर्षांपूर्वी सुरुवातीचा पिचर सरासरी सहा इनिंगच्या जवळ जायचा, आता पाचच्या थोडा पुढे गेला तरी खूप.

याचं कारण बॅट नाही, आकडेमोड आहे. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा बॅटर त्याला जास्त चांगला मारतो, हे आकडे सांगतात आणि ते खोटं नाही. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर्सच्या जागेत, ताशी 160 किलोमीटरच्या आसपास फेकणारे ताज्या दमाचे चार-पाच जण बसलेले असतात. मग बॅटिंगची फळी तिसऱ्यांदा सुरू झाली, की मॅनेजर फोन उचलतो. समोर काय चाललंय हे त्याने बघितलंच पाहिजे असं नाही.

27 ऑक्टोबर 2020 ची रात्र घ्या. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सहावा सामना, टँपा बे रेज डॉजर्सविरुद्ध 1-0 ने पुढे. रेजच्या ब्लेक स्नेलने 73 चेंडू टाकलेले, नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केलेलं, एकही वॉक नाही. डॉजर्सचे पहिले तिघे, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्याच्यापुढे दोन-दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. सहाव्या इनिंगमध्ये बार्न्सने एक साधा हिट मारला, आणि रेजचा मॅनेजर केव्हिन कॅश चेंडू मागायला, म्हणजे स्नेलला काढायला, मैदानात! डी.एच. असल्यामुळे स्नेलची बॅटिंगची पाळी यायचीच नव्हती. त्याला काढायला कोणत्याही नियमाने भाग पाडलं नव्हतं. आत आलेला निक अँडरसन त्या महिन्यात सारखा मार खात होता. बेट्सने दुसऱ्याच मिनिटाला डबल (दोन बेसचा फटका) मारली, पाठोपाठ दोन धावा, आणि डॉजर्स 3-1 ने जिंकून चँपियन. माझा संघ मैदानात नव्हता, तरी मी सोफ्यावरची उशी फेकली.

प्रामाणिकपणे उलट बाजूही सांगतो, नाहीतर शेजारी सांगतील. 1 नोव्हेंबर 2015, सिटी फील्ड, वर्ल्ड सिरीजमध्ये मेट्स विरुद्ध कॅन्सस सिटी. आठ इनिंगमध्ये एकही धाव न दिलेल्या आमच्या मॅट हार्वीने 'नववीही मीच टाकणार' म्हणून डगआउटमध्ये हुज्जत घातली, प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत होते, मॅनेजर टेरी कॉलिन्स विरघळले. मीही घरात ओरडतच होतो. एक वॉक, एक डबल, 2-0 ची आघाडी गेली आणि बाराव्या इनिंगमध्ये सिरीजही. शेजारी यावर 2003 मधल्या बॉस्टनच्या मॅनेजर ग्रेडी लिटलचं शेपूट जोडतात. त्याने थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये ठेवलं आणि बॉस्टनने यांकीजला सामना बहाल केला. लिटलची नोकरी गेली. कॅशला मात्र 2020 चाच उत्कृष्ट मॅनेजरचा पुरस्कार मिळाला. आकड्याप्रमाणे चुकलेल्याला माफी आहे आणि माणसावर विश्वास टाकून चुकलेल्याला नाही, तर मग मॅनेजर दुसरं करणार तरी काय?

म्हणून मला डी.एच. रद्द नकोय. मेट्सच्या एका चाहत्याकडून हे वाक्य कागदावर येतंय, याची नोंद घ्यावी. मला हवाय तो नियम अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगने 2021 मध्ये वापरून बघितलेला आहे: डी.एच.ची गाठ सुरुवातीच्या पिचरशी बांधायची. पिचर आहे तोवर डी.एच. आहे, पिचरला काढलं की डी.एच.ही गेला आणि पुढच्या पिचर्सच्या जागी पिंच हिटर शोधत बसा. पाचव्या इनिंगमध्ये फोन उचलायच्या आधी मॅनेजर दोनदा विचार करेल. हनुवटी चोळणं परत येईल. .110 वाल्यांना बॅट धरायची सक्तीही फारशी उरणार नाही.

शेजाऱ्यांनी यात दोन उणिवा काढल्या. पहिली, पिचर पहिल्याच इनिंगमध्ये दुखावला तर संघाला दुहेरी शिक्षा. हे खरं आहे, दुखापतीला सूट द्यावी. दुसरी उणीव म्हणजे पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा डॉजर्सचा शोहेई ओतानी. 17 ऑक्टोबर 2025 ला मिलवॉकीविरुद्ध त्याने दहा स्ट्राइकआउट आणि तीन होमरन एकाच सामन्यात केले, आणि तिसरा होमरन पिचिंग थांबवल्यानंतर, डी.एच. म्हणून मारला. पिचरला काढलं तरी त्याला डी.एच. म्हणून राहता येतं, ही सवलत 2022 पासून आहे. माझ्या नियमात ओतानीचं काय? मी म्हटलं, जो स्वतःच स्वतःचा डी.एच. आहे त्याला राहू द्या, असे आहेतच किती? शेजारी म्हणाले, 'एक.' मग त्या एकासाठी पोटनियम लिहायला हरकत नसावी.

त्याच ऑक्टोबरात डॉजर्सचा पिचर योशिनोबू यामामोतोने वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी टोरंटोला सातव्या सामन्यात शेवटी येऊन आणखी 34 टाकून डॉजर्सला चँपियन केलं. कोणत्याही तक्त्यात हे बसत नाही. आम्ही दोघे त्या रात्री एकाच सोफ्यावर बसून गप्प होतो, आणि पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

'इम्पॅक्ट प्लेअर'बद्दल आपल्या लेखकाशी मी सहमत आहे. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून तो 2024-25 च्या मोसमात काढला तेव्हा मला बरं वाटलं. फक्त त्यासाठी बिचाऱ्या डी.एच.ला साक्षीला उभं करू नये.

आपला,
एक जुना वाचक, न्यू जर्सी

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'डेझिग्नेटेड हिटर' असं छापलंय. फोटोतला गृहस्थ उकिडवा बसलेला आहे आणि त्याच्या तोंडावर जाळी आहे. तो कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, आहे.