हौस की गरज?

संपादक महोदय,
नोकरी हौसेने करता की गरजेपोटी, हा प्रश्न आईलाच विचारतात, बापांना कोणी विचारत नाही. घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, तरी नातेवाइकांच्या मते 'हिला घरात करमत नाही'! संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये मटार सोलणाऱ्या बायकांना गरज आहेच. पण स्वतःच्या खात्यात पगार जमा झाल्याचं समाधानही आहे. त्यातलं किती काय, हे कसं सांगणार?

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. आमच्या ऑफिसात पाळणाघराच्या खोलीत फायलींची कपाटं आहेत. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना तर बाळंतपणात पगारी रजाही नाही.

– एक नोकरदार आई, डोंबिवली