पठ्ठे बापूराव मार्ग, म्हणजे नेमका कुठं?

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

परवा ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला म्हटलं, ‘पठ्ठे बापूराव मार्ग.’ त्यानं नकारार्थी मान हलवली. ‘फॉकलंड रोड’ म्हणताच मीटर टाकला, आणि आरशातून माझ्याकडे एकदा नीट बघूनही घेतलं! फॉकलंडसाहेब 1848 ते 1853 मुंबईचे गव्हर्नर. पाच वर्षांचे पाहुणे, पण पत्ता अजून त्यांच्याच नावानं लागतो. बापूरावांच्या वाट्याला पाटी आली, तिच्यावर पानाची पिचकारी.

बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांचा श्रीधर. तमाशात शिरला, नर्तकी पवळेबरोबर फड गाजवला, त्यापायी स्वजातीला पारखा झाला आणि 1945 साली पुण्यात हलाखीत गेला. पवळा तर पाटीवरही नाही.

याच भागाला लोक पिला हाउस म्हणतात. मूळ शब्द प्लेहाउस. तो जिभेवर घोळून असा झाला. नाना शंकरशेटांच्या पुढाकारानं 1846 साली ग्रँट रोडला नाटकगृह उभं राहिलं, तिथं 1853 साली विष्णुदास भाव्यांची मंडळी सांगलीहून येऊन खेळ करून गेली. पारशी नाटकं आली, मग त्याच थेटरांत सिनेमा आला. आल्फ्रेडबाहेरची हातानं रंगवलेली पोस्टरं आमच्या पिढीनं पाहिली आहेत.

आणि याच भागातला गोलपिठा. कवी नामदेव ढसाळ इथंच वाढले, पुढं टॅक्सीही चालवली. 1972 सालच्या त्यांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहायची म्हणून नाटककार विजय तेंडुलकर त्यांच्यासोबत ही वस्ती पायी हिंडले. आपल्यातले कितीजण हिंडलेत? रस्ता बदनाम, म्हणून त्याचा इतिहासही आपण तोंडाला रुमाल लावून ओलांडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाटी महापालिकेची, हे मला ठाऊक आहे. पण तमाशा आणि कविता तुमच्या खात्याच्या. आता कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाचं चाललंय. इमारती पडायच्या आधी पिला हाउसच्या नाक्यावर एक फलक लावा: मराठी, हिंदी आणि उर्दूत, कारण तिथं ये-जा करणारे याच भाषा वाचतात. बापूराव, पवळा, भावे, ढसाळ, चौघांचीही नावं हवीत. अनावरणाला मांडव नको, रहदारी तुंबते. एक ढोलकीवाला पुरे.

आपला,
ग्रँट रोडचा एक जुना रहिवासी