ग्रीनिचचा चित्रमहाल

लंडन

तीर्थरूप आई व बाबांस,

मीनलचा शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी थेम्सच्या दक्षिण तीरावरील ग्रीनिच येथे जाऊन आले. बाबांना जुन्या वास्तूंची आवड असल्याने तेथील वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

नावेतून जाताना प्रथम दोन सारखे घुमट दिसतात आणि त्यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा दिसते. आठव्या हेन्रीचा आणि पहिल्या एलिझाबेथ राणीचा जन्म झालेला जुना राजवाडा येथेच होता. पुढे राणी मेरीच्या इच्छेवरून १६९४ साली वृद्ध व जायबंदी खलाशांसाठी आश्रयस्थान उभारण्याची सनद निघाली आणि आराखड्याचे काम वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांच्याकडे आले. मागच्या बाजूस असलेल्या ‘क्वीन्स हाऊस’ या राजघराण्याच्या निवासातून नदीचे दर्शन झाकले जाऊ नये, असा राणीचा आग्रह होता. त्यामुळे रेन यांना मधोमध एकच भव्य इमारत बांधता आली नाही आणि सारा पसारा दुभंगावा लागला. राणी त्याच वर्षी देवीच्या साथीत वारली, तरी तिचा शब्द पाळला गेला. माझ्या मते या वास्तूचे खरे सौंदर्य त्या अडवणुकीतूनच आले आहे.

पश्चिमेकडील घुमटाखाली चित्रमहाल आहे. चित्रकार जेम्स थॉर्नहिल यांनी १७०७ ते १७२६ अशी एकोणीस वर्षे येथे काम केले. छतासाठी त्यांना चौरस वारामागे तीन पौंड आणि भिंतींसाठी एकच पौंड मिळत असे. छताच्या मध्यभागी राजा विल्यम व राणी मेरी विराजमान असून विल्यमच्या पायाखाली फ्रान्सचा चौदावा लुई दाखवला आहे, ज्यात मुत्सद्देगिरीपेक्षा खुन्नसच अधिक दिसते. एका कोपऱ्यात खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड आहेत आणि त्यांच्या हातातील कागदावर १७१५ च्या सूर्यग्रहणाचे भाकीत आहे. भिंतींवरील कोरीव भासणारे काम पुष्कळसे नुसते रंगवलेलेच आहे, हे जवळ गेल्यावरच कळते. पश्चिमेच्या भिंतीवर थॉर्नहिल यांनी स्वतःलाही रंगवले असून त्यांचा पसरलेला हात आणखी पैसे मागतो आहे, असे लोक गमतीने म्हणतात.

मला मात्र सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते छतावरील हिवाळ्याच्या प्रतीकाने. त्यासाठी थॉर्नहिल यांनी आश्रयस्थानातील एका नव्वदी ओलांडलेल्या खलाशाला समोर बसवले होते, आणि हा म्हातारा दारू व शिवीगाळ यांबद्दल वारंवार शिक्षा भोगणारा होता. मुळात हा महाल त्याच्यासारख्यांच्या जेवणासाठी बांधला गेला होता. परंतु रंगकाम पूर्ण होईपर्यंत तो इतका वैभवशाली झाला की खलाशांची पंगत खालच्या तळघरात मांडली जाऊ लागली आणि वर पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांना चित्रे दाखवण्याचे काम तेवढे त्यांच्याकडे राहिले. ज्यांच्यासाठी अन्नशाळा उभारली, त्यांनाच तिचे वाटाडे करणारी ही व्यवस्था मला काही पटली नाही. एका खलाशाला मात्र येथे पूर्ण मान मिळाला: जानेवारी १८०६ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच महालात ठेवले होते आणि लोकांची प्रचंड रीघ लागली होती.

आईच्या मानेचे दुखणे लक्षात घेता, तुम्ही याल तेव्हा छत पाहताना घाई करायची नाही. सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वीच आपण जाऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मीनल