इंजिनं झाली, आता गँगची चौकीही मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला एका गृहस्थांनी घरी मांडलेल्या रेल्वे मॉडेलवरचा लेख वाचला. इंजिनं, डबे, स्टेशन, पूल, सगळंच झकास. पण माझी उभी नोकरी पी-वेत, म्हणजे रुळांच्या देखभालीत गेली, त्यामुळे नजर आधी रुळाच्या कडेला जाते. तिथे नुसती हिरवळ होती. हा लोहमार्ग राखणारी गँग, म्हणजे रूळ-कामगारांची टोळी, आणि तिची चौकी यांचा त्या लेआउटवर कुठे मागमूस नाही.

कर्जत-लोणावळा घाट घ्या. १८६३ साली वाहतूक सुरू झालेला मार्ग, ३७ फुटांना एक फूट चढ, पावसाळ्यात दरडींची टांगती तलवार. तिथे गस्तवाला रात्री दिवा घेऊन चालतो आणि गँगला टेकायला, अवजारं ठेवायला चौकी लागते. मी पाहिलेल्या जुन्या चौक्या काळ्या दगडाच्या, मंगलोरी कौलांच्या. एक दार, एक झरोका. भिंतीवर गँगचा नंबर आणि अमुक किलोमीटरपासून तमुकपर्यंत हद्द, असं रंगवलेलं. आत पहारी, खडी ठोकायचे बीटर, फावडी, घमेली, दोन रुळांतलं अंतर मोजायचं गेज, झेंड्या. आणि फटाके. दिवाळीचे नव्हेत, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे डिटोनेटर, चाक वरून गेलं की आवाज करून ड्रायव्हरला सावध करणारे. रूळ तुटलेला दिसला की ब्रॉडगेजवर तिथून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन लावायचे, तेही लाल झेंडी दाखवत, धावत. त्या चौकीला मॉडेलमध्ये जागा नको?

करायला अवघडही नाही. एचओ म्हणजे १:८७ मापात दहा बाय बारा फुटांची चौकी साधारण ३५ बाय ४२ मिलिमीटर भरते. कौलं एकेक कापत बसू नये, डोळे जातात. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या काढतो, खालच्या कडेला दाते पाडतो आणि वळचणीकडून वर एकावर एक चिकटवत जातो. दोन-चार कौलं फुटकी आणि एका कोपऱ्यात ठोकलेला पत्रा हवाच, नाहीतर कालच बांधल्यासारखी दिसते. रुळाकडच्या भिंतीवर तांबूस-तपकिरी रंगाचा हात फिरवावा. घाटात ब्रेकच्या लोखंडी भुकटीनं सगळंच तसं होतं. खडी ५० मिलिमीटरची धरली तर मॉडेलमध्ये दाणा जेमतेम अर्धा मिलिमीटर. रवा मापात बसतो, पण मुंग्या सोडत नाहीत. बारीक चाळलेली वाळू बरी.

एक तांत्रिक गोष्ट. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेला, तो परदेशी १४३५ मिलिमीटरच्या रुळासाठी. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे खरं तर १९ मिलिमीटरहून जास्त हवा. म्हणून चौकीचं अंतर रुळाच्या कडेपासून न घेता दोन रुळांच्या मध्यापासून मोजावं. आणि कृपा करून परदेशी किटमधली लाकडी शेड आणून ठेवू नका. आपल्याकडे पुश ट्रॉली, म्हणजे ढकलत न्यायची तपासणीची गाडी, माणसं उचलून रुळावर ठेवतात आणि गाडी यायच्या आत उचलून बाजूला घेतात. तीच चौकीशेजारी दाखवावी.

वेल्डिंगनं सलग जोडलेले रूळ आणि खडी दाबून बसवणारी टॅम्पिंग मशीन आल्यापासून बऱ्याच चौक्या ओस पडल्या आहेत, काहींच्या भिंतींत पिंपळ उगवलेत. रेल्वे प्रशासनाला विनंती, की अशी चौकी पाडण्याआधी मोजमाप आणि फोटो घेऊन नकाशा उपलब्ध करावा. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी असे नकाशे मुलांना बघायला ठेवता येतील. छंदिष्टांनी मात्र टेप घेऊन परवानगीशिवाय रुळात उतरू नये. फाटकावरून, फलाटाच्या टोकावरून पुष्कळ दिसतं.

माझ्या वहीत दोन चौक्यांची आणि एका ट्रॉली शेडची मापं आहेत. लेखातल्या गृहस्थांना हवी असल्यास आपल्या कार्यालयात आणून देईन. त्यांच्या पुलाच्या अलीकडे वळणावर जागा रिकामी दिसते, चौकी तिथे चपखल बसेल.

– एक निवृत्त पी-वे कर्मचारी, कर्जत