आशाताई, तुमच्या वहीत आमचा रकाना नव्हता

ताई, सप्रेम नमस्कार.

गरोदर मातांची नोंद, बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन यांचे रकाने तुमच्या वहीत आहेत आणि त्या त्या कामाचा ठरलेला मोबदलाही. मूल नसलेल्या बाईच्या दारात थांबण्याचा रुपयासुद्धा तुम्हाला मिळत नाही. तरी तुम्ही थांबलात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

माझ्या फायली तुम्ही आमच्या सोप्यात बसून एकेक करून बघितल्यात. सोनोग्राफी, थायरॉईड, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी. सगळे कागद माझ्याच नावाचे. ते पिशवीत परत घालता घालता सासूबाईंसमोरच विचारलंत, "भाऊजींचा रिपोर्ट कुठाय?"

कुणी काही बोललं नाही. तोवर नवस मी बोलायचे, उपास मी धरायचे, गोळ्या मी खायच्या, कुणाच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की मागे मी सरायचं. पाहुणे माझ्यादेखत ह्यांना दुसरं लग्न सुचवायचे.

तुम्ही सासूबाईंना शांतपणे समजावलंत: कारण बाईत असतं तसं पुरुषातही असतं, कधी दोघांत, कधी कितीही शोधलं तरी सापडत नाही. पुरुषाची पहिली तपासणी तर सगळ्यांत सोपी. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा. चिरफाड नाही, दुखणं नाही. ह्यांच्याशी हे बोलायला तुम्ही तुमच्या मालकांना घेऊन आलात. दोघं गोठ्याजवळ बराच वेळ उभे होते. कडबा चघळणाऱ्या म्हशीकडे बघत बोलत होते, एकमेकांकडे नाही. मग हे तालुक्याला जाऊन आले.

शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली. घरात रडारड झाली, पण मला बोल लावणं त्या दिवसापासून थांबलं. आणि तुम्ही मला बजावलंत, आता ह्यांना कुणी टोचायचं नाही, हे दुखणं आहे, ह्यात मर्दपणाचा काही संबंध नाही. ताई, तुमचा हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माझ्या डोक्यावरचं ओझं उचलून ह्यांच्या डोक्यावर ठेवणं सोपं होतं.

टेस्ट ट्यूबसाठी रान गहाण टाकायचं चाललं होतं. तेव्हाही तुम्ही "करा" म्हणाला नाहीत, "करू नका"ही म्हणाला नाहीत. अशा उपचारांसाठी झालेल्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी आहे का ते बघा, आणि तुमच्या वयाच्या शंभर बायकांत कितीजणींना मूल होतं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, एवढंच सांगितलंत. आम्ही विचारलं, हिशेब केला आणि थांबायचं ठरवलं. मूल झालं नाही. आभार त्याचे नाहीतच मुळी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. आपल्या गावात अशी किती घरं निघतील! आणि प्रत्येक घरात पिशवीतले कागद बाईच्याच नावाचे असतील.

खालच्या आळीतल्या त्या नव्या सुनेला आत्तापासूनच 'गोड बातमी कधी' म्हणून विचारतात. तिच्या घरी जाल तेव्हा मला हाक मारा. मी येते सोबत.

तुमची,
वरच्या आळीतली वहिनी