बालविवाह आपोआप रद्द होत नाही

महोदय,

लग्नसराईत बालविवाह रोखल्याच्या बातम्या येतात. जो रोखता आला नाही त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ‘पोरगी अठराच्या आतली होती, म्हणजे लग्न कायद्यानं झालंच नाही’ असा समज सर्रास आहे, आणि तो चुकीचा आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम ३ नुसार असं लग्न मुलीला रद्द करून घेता येतं. न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत ते कायम असतं. मुलीला विकून, फूस लावून, जबरदस्तीनं किंवा न्यायालयाची मनाई मोडून लावलेलं लग्न तेवढं मुळातच शून्य ठरतं.

मुदतीवरच बहुतेक प्रकरणं बुडतात. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे मुलीच्या विसाव्या वाढदिवसाच्या आत, अर्ज दाखल व्हायला हवा. ही वर्षं नातेवाइकांच्या बैठकांत जातात आणि शेवटी पाचशेच्या स्टँपवर ‘फारकत’ लिहून घेतली जाते. अशी फारकत देण्याची रूढी त्या समाजात आहे हे न्यायालयात सिद्ध करता आलं नाही, तर त्या कागदाला किंमत नाही. त्याच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न अडचणीत येतं. मुदत टळली की उरतो घटस्फोट, आणि नवरा संमतीनं तयार नसेल तर तिथे छळ, त्याग असं कारण शाबीत करावं लागतं. कलम ३ मध्ये नवऱ्याचा दोष दाखवावा लागत नाही. लग्न झालं आणि त्या दिवशी वय किती होतं, एवढंच सिद्ध करायचं असतं.

म्हणूनच वयाचा कागद भक्कम हवा. जन्मदाखला किंवा शाळेचा निर्गम उतारा आधी काढून ठेवावा. आधार कार्डावर विसंबू नये. लग्नाआधी त्यावरची जन्मतारीख बदलून घेतल्याचे प्रकार घडतात, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून पत्रिका, फोटो, हजर असलेल्यांची नावं जपावीत.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा. ते नसेल तिथे जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात. मुलगी सध्या राहते तिथलं न्यायालयही चालतं, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. ती अजून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली असेल तर पालक किंवा वादमित्र (तिच्या वतीनं दावा चालवणारी सज्ञान व्यक्ती) आणि बालविवाह प्रतिबंध अधिकारी मिळून अर्ज करतात. गावात हे अधिकार ग्रामसेवकाकडे (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असतात. लग्न आईवडिलांनीच लावलेलं असेल, तर वादमित्र दुसरा कुणी शोधावा.

याच प्रकरणात दागिने, पैसे, वस्तू परत मिळतात. पुनर्विवाह होईपर्यंत पोटगी मागता येते. नवरा अज्ञान असेल तर ती त्याच्या पालकांनी द्यायची. मूल झालं असेल तर ते औरसच, म्हणजे कायदेशीरच राहतं. घाबरून गप्प बसणाऱ्या मुलींना हे आधी सांगायला हवं.

वकिलाची फी लागत नाही. स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते, फोन १५१००. बालविवाहाची बातमी छापताना खाली हा क्रमांक आणि विसाव्या वाढदिवसाची मुदत आपण छापावी, ही विनंती.

– एक वकील, जालना